बेवारस यादीतील अनुक्रमांक सात : इंजिन बदललेल्या माझ्या मोटारीबाबत

प्रति,
मा. सहायक परिवहन अधिकारी साहेब,
वाहन फेरबदल व अटकाव कक्ष,
तालुका शिबिर कार्यालय, महामार्गालगत,
ता. डहाणू, जि. पालघर.

अर्जदार : देवजी शुक्रा गहला, वय ६३ वर्षे, धंदा मोटार मेकॅनिक,
रा. कासा, ता. डहाणू, जि. पालघर.

विषय : दि. २८ फेब्रुवारी २०१९ रोजीच्या जाहीर लिलावाच्या यादीतून अनुक्रमांक ७ वरील माझी दोन आसनी मोटार वगळण्याबाबत, व तिच्यापुढे लिहिलेला ‘बेवारस’ हा शब्द खोडण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे अकरा अर्ज, पैकी पहिला दि. २ मे २०१६ चा.
२) आपल्या कार्यालयाची तीन पत्रे.
३) कार्यालयाच्या फाटकावर डकवलेली दि. ३० जानेवारी २०१९ ची लिलाव सूचना.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, या प्रकरणात आपण खुर्चीवर आलेले चौथे साहेब आहात. पहिल्या तिन्ही साहेबांनी ‘प्रकरण नव्याने समजून घेतो’ असे सांगितले आणि समजून घेण्याच्या आत त्यांची बदली झाली. म्हणून या वेळी सर्व हकीकत मुळापासून लिहीत आहे. यापूर्वीचे अर्ज तहसील कचेरीबाहेरच्या अर्जलेखकाकडून लिहून घेतले होते. तो भला माणूस आहे, पण माझे प्रत्येक वाक्य धुऊन, इस्त्री करून कागदावर उतरवत असे. ‘अन्याय’ म्हटले की तो ‘गैरसोय’ लिही. हा अर्ज माझ्या हाताने लिहिला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, तरी चुकांसाठी क्षमा असावी. रागासाठी मात्र क्षमा मागत नाही.

२. सदर मोटार विलायती बनावटीची, उघड्या टपाची, सन १९६० ची स्पोर्ट्स कार आहे. तिचे दोन्ही दिवे बॉनेटवर वर आलेले असल्यामुळे आमच्या भागात पोरेटोरे तिला बेडकी म्हणतात. ती डहाणूचे चिकूवाडीवाले खोदादाद शेठ यांची. मी वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांच्या वाडीत पाण्याच्या पंपावर लागलो, पुढे त्यांचा ड्रायव्हर झालो, आणि एकतीस वर्षांनी तिथून निघून कासा येथे स्वतःचे गॅरेज टाकले. गॅरेज टाकल्यानंतरही या गाडीचा एकही नट माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी सैल केलेला नाही. शेठचे हात कापू लागले तेव्हा सन २००९ मध्ये त्यांनी ती मला मुद्रांकावर लिहून दिली, आणि सन २०१० मध्ये नोंदणी पुस्तकात मालक म्हणून माझे नाव लागले. शेठ २०११ मध्ये वारले. पुस्तकाची प्रत सोबत जोडली आहे. यापूर्वी अकरा वेळा जोडली होती.

३. मे २०१३ मध्ये गाडीचे मूळ इंजिन जाम झाले. उघडून पाहिले तर ब्लॉकला वीतभर तडा. वेल्डिंग करून पाहिले, टिकले नाही. सुटे भाग मुंबईत मिळेनात. जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘इंजिन विसरा, गाडीच मला देऊन टाका.’’ मी फोन ठेवला आणि दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवायचे ठरवले.

त्यासाठी लिलावातील एका निकामी जिप्सीचे तेराशे सीसीचे इंजिन पावतीसह घेतले. नोव्हेंबर २०१४ मध्ये काम सुरू केले. साहेब, एका कंपनीच्या गाडीत दुसऱ्या कंपनीचे इंजिन बसवणे म्हणजे नुसते चेनकप्पीने उचलून आत सोडणे नव्हे. इंजिन ज्यावर बसते ती फाउंडेशन नव्याने बनवावी लागली. प्रथम पुठ्ठ्याची, मग लाकडाची, मग लोखंडाची अशी तीन वेळा बनवली. गिअरबॉक्स लांब, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून वापीच्या लेथवर तोलून घेतला. रेडिएटर पुढे सरकवला. इंजिनाची ताकद वाढली म्हणून पुढचे ब्रेकही बदलले. पळणाऱ्या गाडीपेक्षा थांबणारी गाडी महत्त्वाची, हे मला कोणत्याही कायद्याने शिकवावे लागले नाही. माझी पत्नी चिमी हिने चौदा महिने संध्याकाळी वाडीवरून आल्यावर एकेक बोल्ट रॉकेलमध्ये धुऊन, ओळीने मांडून दिला. बॉनेट न कापता हे सगळे आत बसले आहे. या कामात मी काही चुकीचे केले असेल तर दाखवा. तीन वर्षांत आपल्या कार्यालयाच्या एकाही माणसाने बॉनेट उघडलेले नाही. उघडून पाहिले असते आणि ‘‘देवजी, हे इथे चुकले’’ असे सांगितले असते, तर मी मान खाली घालून पुन्हा बांधले असते.

४. आता माझी चूक लिहितो, कारण सर्व प्रकरण तिच्यावर उभे आहे.

आम्हा आदिवासींत नवे धान्य, पावसाची पहिली रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. हा नियम मी माझ्या गॅरेजात मोठ्या कामाला लावतो. पूर्ण उघडून बांधलेले इंजिन विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला दाखवूनच पहिल्यांदा चालू करायचे. गिऱ्हाइकाला घाई असेल तर नारळ पाठवून भागवतो. घरच्या गाडीला घाईचे कारण नव्हते. शेवटचा बोल्ट दि. १९ जानेवारी २०१६ रोजी आवळला. त्या दिवशी माझी मुलगी निलम, जी तलासरीला आश्रमशाळेत शिक्षिका आहे, हिने आम्हा दोघांचा गाडीसह फोटो काढला. चैत्र पौर्णिमेला यात्रा लागते. म्हणून दि. २२ एप्रिल २०१६ पर्यंत आम्ही थांबलो. त्या दिवशी गाडी दोरीने ओढत देवीच्या पायथ्याशी नेली, नारळ फोडला आणि तिथे प्रथम चावी फिरवली. पहिल्याच फेरीत इंजिन चालू झाले. परत येताना दोरी डिकीत होती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्यापासून चौदा दिवसांत कळवावे लागते, हे मला माहीत होते. मी दहाव्या दिवशी, २ मे रोजी अर्ज दिला. माझ्या समजुतीप्रमाणे जे इंजिन एकदाही फिरले नाही ते बदललेले इंजिन नव्हे, ते गाडीत ठेवलेले लोखंड. तरीही खरे ते लिहावे म्हणून अर्जात दोन्ही तारखा लिहिल्या, आणि सोबत निलमने काढलेला फोटो जोडला, ज्याच्या कोपऱ्यात १९ जानेवारी असे आपोआप छापले होते. खिडकी क्रमांक तीनवरचे लिपिक प्रविण यांनी अर्ज घेतानाच कपाळाला हात लावला. म्हणाले, ‘‘काका, जानेवारीची तारीख लिहिलीच कशाला? कोण बघायला येणार होतं?’’ त्यांचे बरोबर होते. खोटे लिहिले असते तर आज गाडी दारात असती.

५. दि. २० जून २०१६ चे आपले पहिले पत्र आले. अर्ज नव्वद दिवस उशिरा, सबब फेरबदल विनापरवाना, सबब नोंदणी निलंबित. ठीक. विलंबाची जी काही शिक्षा असेल ती द्या, असे मी त्याच दिवशी कळवले. परंतु समक्ष बोलावून निरीक्षक साहेबांनी विलंबाबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. त्यांनी विचारले, ‘‘ही गाडी तुझ्याकडे कशी आली?’’ मी पुस्तक दाखवले. ते म्हणाले, ‘‘ते कळलं. पण आली कशी?’’ मी मुद्रांकाचा कागद दाखवला. तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘नोकराला कोणी अशी गाडी देतं का?’’

साहेब, त्या प्रश्नाचे उत्तर आज लेखी देतो. देतात. ज्या माणसाने एकतीस वर्षे गाडी सांभाळली त्याला देतात. कोणाला काय द्यावे हे देणाऱ्याने ठरवायचे असते, निरीक्षकाने नव्हे. माझ्या आडनावाकडे आणि माझ्या पायांतल्या चपलांकडे पाहून तो प्रश्न विचारला गेला. हेच इंजिन, हेच काम, हाच उशीर एखाद्या बंगल्यातून आला असता तर साहेबांनी गाडीशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला असता. हा परिच्छेद निलमने खोडायला सांगितला आहे. खोडलेला नाही.

६. त्याच पत्रात हुकूम होता की, मूळ इंजिन नष्ट केल्याचा दाखला द्यावा अथवा मूळ इंजिन प्रत्यक्ष हजर करावे. आता ते इंजिन मी केव्हाच डहाणू खाडीतल्या रघ्याला देऊन टाकले होते. रघ्या माझा जुना स्नेही, मासेमारी करतो. त्याला होडी बांधून ठेवायला पाण्याखाली जड वजन हवे होते. तडा गेलेला ब्लॉक त्याने साखळी बांधून खाडीत सोडला. आमच्याकडे निकामी लोखंडाचा याहून चांगला उपयोग कोणाला सुचणार नाही. पण ‘होडी बांधली आहे’ असा नष्ट केल्याचा दाखला कोणी देत नाही. ग्रामसेवकाने दिला नाही, तलाठ्याने दिला नाही. बंदरावरचे साहेब म्हणाले, इंजिन ही त्यांच्या दृष्टीने होडी नाही.

म्हणून दिवाळीच्या अमावास्येला मोठी ओहोटी असते ती पाहून, लोक घरोघर लक्ष्मीपूजनाची तयारी करत असताना, मी, रघ्या आणि त्याचे दोन भाऊ मांडीइतक्या चिखलात उतरलो. तीन वर्षांत इंजिन अर्धे गाडले गेले होते. चेनकप्पी दोन होड्यांवर आडवा वासा टाकून बांधली. एकदा साखळी सुटली तेव्हा रघ्याच्या पायाचे बोट वाचले, नख गेले. पाणी परत चढू लागेपर्यंत इंजिन काठावर आले. त्यावर कालवे इतकी दाट बसली होती की हे इंजिन आहे हे मला, त्याला पन्नास वेळा उघडलेल्या माणसाला, हात फिरवून ओळखावे लागले.

७. दि. ३ नोव्हेंबर २०१६ रोजी ते टेम्पोने आपल्या कार्यालयात आणले. निरीक्षक साहेबांनी नाकाला रुमाल लावून इंजिन नंबर विचारला. नंबर खाऱ्या पाण्याने खाल्ला होता. साहेब म्हणाले, नंबर दिसत नाही, सबब हे तेच इंजिन असल्याचे मानता येत नाही. मी म्हटले, मग मी परत नेतो, रघ्याची होडी बांधायची आहे. साहेब म्हणाले, कार्यालयात आलेली वस्तू चौकशी पूर्ण होईपर्यंत नेता येत नाही. मला पोच मिळाली ती अशी : ‘‘गहला यांजकडून एक लोखंडी वस्तू, समुद्री शिंपल्यांसह, प्राप्त.’’ पोच सोबत जोडली आहे. चौथ्या दिवशी मला कार्यालयातून फोन आला की तुमच्या वस्तूचा वास येतो, घेऊन जा. मी टेम्पो घेऊन गेलो तर फाटकावर सांगितले, लेखी आदेशाशिवाय वस्तू बाहेर सोडता येत नाही. लेखी आदेश मागितला तर सांगितले, लोखंडी वस्तू सोडण्याचा नमुना नाही. ती वस्तू आजही आपल्या जिन्याखाली आहे. आपण रोज तिच्या शेजारून वर जाता. तेच माझ्या गाडीचे मूळ इंजिन होय.

८. त्यानंतर दुसऱ्या पत्राने मागणी झाली की मूळ उत्पादक कंपनीचे ना-हरकत पत्र आणावे. ती कंपनी माझी मुलगी जन्मायच्याही आधी बंद पडली आहे. तरी निलमने इंग्रजीत पत्र लिहून विलायतेला रजिस्टर पोस्टाने पाठवले. ते चार महिन्यांनी परत आले. पाकिटावर तिथल्या पोस्टाने शिक्का मारला आहे की या पत्त्यावर असे कोणी नाही. परत आलेले पाकीट मी न फोडता आपल्या कार्यालयात दिले. त्यावर शेरा पडला : ‘‘अर्जदाराने ना-हरकत पत्र सादर करण्यास टाळाटाळ केली.’’

दरम्यान गाडी तपासणीसाठी हजर करण्याचा निरोप आला. नोंदणी निलंबित, म्हणून मी ती चालवत आणली नाही, टेम्पोवर चढवून आणली. दि. १७ जानेवारी २०१७ रोजी ती आपल्या आवारात उतरवली. मला सांगण्यात आले, दोन दिवस लागतील. या दोन दिवसांना आता दोन वर्षे झाली.

९. दि. १४ ऑगस्ट २०१७ चे तिसरे पत्र मी गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवले आहे. येणारी गिऱ्हाइके वाचतात. त्यातील तर्क असा की, पुस्तकात लिहिलेले इंजिन गाडीत नाही, म्हणून हे पुस्तक या गाडीचे म्हणता येत नाही. पुस्तक या गाडीचे नाही, म्हणून पुस्तकात लिहिलेला मालक या गाडीचा मालक म्हणता येत नाही. आणि गाडीतले इंजिन दुसऱ्या गाडीचे, पण ती दुसरी गाडी अस्तित्वात नाही, म्हणून तिचा मालकही इथे लागू नाही. सबब, सदर वाहनास मालक आढळून येत नाही.

मी हे पत्र घेऊन आपल्या पूर्वीच्या साहेबांसमोर उभा राहिलो आणि म्हटले, ‘‘साहेब, मी इथे उभा आहे.’’ ते म्हणाले, ‘‘तुम्ही उभे आहात हे खरं आहे. पण कागदावर आढळत नाही.’’

माणसाच्या छातीत दुसऱ्याचे हृदय बसवतात असे आम्ही पेपरात वाचतो. त्याची बायको त्याला परकी होत नाही, घर त्याचेच राहते. इंजिन बदलले म्हणून मालक नाहीसा होतो, हे फक्त आपल्या कार्यालयात पाहिले. आणि हे लिहिणाऱ्याला त्याचा पगार वेळेवर मिळतो, याचा मला संताप येतो.

१०. आवारात गाडीचे काय झाले ते लिहितो. कायद्याने अटकावलेल्या वाहनाची काळजी घ्यावी लागते असे म्हणतात. पहिल्या पावसाळ्यात सीटमध्ये पाणी साचले. टप टाकायला मागितले तर परवानगी नाही, कारण आवारातील वाहनाला हात लावता येत नाही. चिमीने आपले जुने लुगडे टाकले. ते कोणीतरी पुसायला नेले. मग दोन्ही वायपर गेले, आरसा गेला, पुढची नंबर प्लेट गेली. दुसऱ्या पावसाळ्यात डाव्या चाकातून वेल वर चढली आणि आता स्टिअरिंगला गुंडाळली आहे. तीही काढू दिली नाही. हे पाहून चिमी फाटकाबाहेर जाऊन बसली. माझ्या हातांनी बांधलेले इंजिन तीन वर्षांत एकूण चौदा किलोमीटर चालले आहे, आणि दोन पावसाळे ते बंद पडून आहे, त्याचा आवाज मी ऐकलेला नाही. मी मेकॅनिक आहे, याहून जास्त सांगता मला येत नाही.

११. आणि आता ३० जानेवारीची लिलाव सूचना. ‘‘अनुक्रमांक ७. बेवारस. दोन आसनी. नादुरुस्त. भंगार म्हणून, वजनावर.’’ चार शेरे आहेत आणि चारांपैकी फक्त दोन आसनी एवढेच खरे आहे. नादुरुस्त नाही : बॅटरी आणि पेट्रोल द्या, मी आपल्यासमोर चालू करून दाखवतो. भंगार नाही, ते वर सांगितले. राहिला पहिला शब्द.

बेवारस म्हणजे ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही ते. माझे गॅरेज गुरुवारी बंद असते. गाडी आपल्याकडे आल्यापासून दर गुरुवारी मी किंवा चिमी, बहुतेक वेळा दोघे, आपल्या फाटकावर येतो. आत जाताना रखवालदाराच्या वहीत सही करावी लागते. निलमने माहितीच्या अधिकारात त्या वहीच्या प्रती काढल्या आहेत. एकशे आठ गुरुवारांपैकी सत्त्याण्णव गुरुवारी माझी सही किंवा चिमीचा अंगठा आहे. ‘कोणाला भेटावयाचे’ या रकान्यात रखवालदाराने लिहिले आहे ‘गाडीला’. ‘कारण’ या रकान्यात लिहिले आहे ‘स्वतःची गाडी पाहणे’. प्रत्येक पानाखाली आपल्या कार्यालयाचा शिक्का आहे. म्हणजे आपले फाटक मला मालक मानते आणि आपला वरचा मजला मानत नाही. दोघांनी एकदा भेटून ठरवावे ही विनंती.

१२. सूचना लागल्यावर लिपिक प्रविण यांनी मला बाजूला घेऊन एक मार्ग सांगितला. त्यांच्यावर या अर्जामुळे राग धरू नये. या इमारतीत मला खुर्ची देणारा तो एकच माणूस आहे. ते म्हणाले, ‘‘काका, लिलावात तुम्हीच बोली लावा. भंगारवाल्याशिवाय दुसरं कोण येणार? स्वस्तात मिळेल. नवीन मालक म्हणून सगळे पेपर क्लीन. इंजिनचा प्रश्नच मिटला.’’ मी हिशेब केला तर त्यांचे म्हणणे खरे निघाले. अशी एक दुपार जाईल आणि गाडी संध्याकाळी दारात येईल. दोन रात्री मी हेच धरून बसलो होतो. गाडी तर येते ना, एवढेच पाहायचे.

चिमीला सांगितले. ती चिकू निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, ‘‘आपलीच वस्तू आपुनच इकत घेवाची? मंग आजवर कोनाची होती म्हनून सांगाल?’’

बोली लावली तर मी माझ्या हाताने लिहून दिल्यासारखे होईल की २००९ पासून ती माझी नव्हती. शेठने दिले ते खोटे, पुस्तकातले नाव खोटे, चौदा महिन्यांचे काम कुठल्या तरी परक्या गाडीवर केले. आणि ‘‘नोकराला कोणी अशी गाडी देतं का’’ या प्रश्नाचे उत्तर मी पैसे मोजून ‘नाही’ असे दिल्यासारखे होईल. तेव्हा गाडी गेली तरी चालेल, असे ठरले आहे. हे वाक्य लिहिताना मला काय वाटले ते लिहीत नाही.

१३. सबब विनंती की,

(अ) अनुक्रमांक ७ लिलावातून वगळावा, विलंबाची कायदेशीर शिक्षा मला करावी, आणि एका जाणत्या निरीक्षकाने बॉनेट उघडून काम तपासावे. कामात दोष निघाला तर गाडी ठेवून घ्या, मी बाराव्या अर्जानंतर तेरावा करणार नाही.

(आ) हे आपल्या अधिकारात नसेल, आणि लिलाव करायचाच असेल, तर यादीतील ‘बेवारस’ हा शब्द खोडून तिथे ‘मालक : देवजी शुक्रा गहला, कासा’ असे लिहावे, आणि बोली पुकारण्याआधी ते नाव मोठ्याने वाचावे. जप्तीत घराचा लिलाव होतो तेव्हाही घर कोणाचे ते वाचतात. एवढा मान कर्ज बुडवणाऱ्यालाही मिळतो.

(इ) दि. २८ रोजी मी आणि चिमी सकाळी दहा वाजता आवारात हजर असू. तो गुरुवारच आहे. माझे नाव वाचले जाईल तेव्हा मी हात वर करीन. लिलाव पुकारणाऱ्यास आगाऊ समज द्यावी की तो हात बोलीचा नसून हजेरीचा आहे, आणि त्याने माझ्यापुढे कोणताही आकडा लिहू नये.

कळावे,

आपला
(‘नम्र’ हा शब्द मागील अकरा अर्जांत लिहिलेला आहे, तिथून घ्यावा)

सही/-
देवजी शुक्रा गहला
कासा, दि. ११ फेब्रुवारी २०१९

सोबत :
१) नोंदणी पुस्तकाची प्रत (बारावी).
२) सन २००९ च्या मुद्रांकाची प्रत.
३) जिप्सीच्या इंजिनाची पावती.
४) ‘एक लोखंडी वस्तू’ची पोच.
५) दि. १९ जानेवारी २०१६ चा फोटो. गाडीत बसलेली माझी पत्नी, शेजारी उभा मी.
६) फाटकावरील वहीच्या प्रती, पाने ९७.